पूल, धक्के आणि घरच्या पेटीतील फोटो

प्रवासास निघालेल्या कुटुंबाच्या सामानात पूर्वी वळकटी, फराळाचा डबा आणि जपमाळ एवढ्या वस्तू हमखास असत. आता त्यांत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे फोटो काढणारा मोबाईल. जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनास गेलेले कुटुंब असो, पणजीस कचेरीच्या कामाकरिता गेलेला शेतकरी असो, अथवा हैदराबादेस लेकीच्या घरी गेलेली आजी असो, वाटेत मोठा पूल किंवा नदीचा धक्का लागला, की क्षणभर थांबून एक फोटो काढल्यावाचून कोणाचे पाऊल पुढे पडत नाही.

आमच्या काही वडीलधाऱ्या वाचकांस हा सारा पोरखेळ वाटतो. पुलाचा फोटो काढून पूल काही घरी येत नाही, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. दिवसाकाठी पन्नास फोटो काढावयाचे आणि पुन्हा एकाकडेही पाहावयाचे नाही, ही रीत पोरखेळच होय. परंतु पूल, बंदर आणि नगरातील नामांकित वास्तू ह्यांचा फोटो काढणे हा मुळातच व्यर्थ उद्योग आहे, असे मात्र आम्हांस वाटत नाही. आमच्या मते चांगला फोटो ही एक साक्ष आहे. आणि साक्षीदाराने आपले नाव, गाव व दिवस सांगितल्याशिवाय कोणतीही साक्ष ग्राह्य होत नाही, हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. फोटोंच्या बाबतीत आपण नेमके तेवढेच करावयाचे विसरतो. ह्या लेखात त्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

पडलेला पूल आणि उभा राहिलेला बांध

पणजी शहर मांडवी नदीच्या दक्षिण तीरावर आहे आणि बेती गाव समोरच्या उत्तर तीरावर. पिढ्यान् पिढ्या ह्या दोन तीरांना होडी व फेरीबोट ह्यांनीच जोडून ठेवले होते. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर मांडवीवर पूल बांधण्याचे काम हाती घेण्यात आले आणि १९७० च्या सुमारास तो वाहतुकीस खुला झाला. त्यास नेहरू पूल असे नाव मिळाले. त्या काळी खेड्यापाड्यांतील माणसे मुद्दाम तो पूल पाहावयास जात. नवविवाहित जोडपी त्याच्या पार्श्वभूमीवर फोटो काढून घेत. एवढा भक्कम सिमेंटचा पूल आपल्या नातवंडांच्याही कामी येईल, असे कोणालाही वाटले असते.

पुढे १९८६ च्या जुलै महिन्यात, ५ तारखेस, ऐन पावसाळ्यात तो पूल कोसळला. खाऱ्या हवेने व गंजाने त्यास आतून पोखरले होते. लोकांस पुन्हा फेरीबोटींची कास धरावी लागली. कालांतराने तेथे नवे पूल झाले आणि २०१९ च्या जानेवारीत तारांनी तोललेला उंच अटल सेतूही सुरू झाला. आज त्या ठिकाणी उभ्या राहणाऱ्या मुलास पहिल्या पुलाची कल्पनाही येणार नाही. ज्यांच्या घरी त्या पंधरा-सोळा वर्षांतला एखादा फोटो आहे, त्यांच्याकडेच तो पूल आता शिल्लक आहे.

याउलट पणजीहून रायबंदरमार्गे जुन्या गोव्यास जाणाऱ्या रस्त्याचे पाहा. पणजी व रायबंदर ह्यांच्या मधल्या पाणथळ भागातून तीन किलोमीटरांहून अधिक लांबीचा एक दगडी बांध गेला आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारेसचा काउंट ह्याच्या कारकिर्दीत, १६३३-३४ साली, तो बांधला गेला. जवळजवळ चारशे वर्षे उलटली, तरी यात्रेकरू आजही त्याच बांधावरून जातात आणि आपण एका ऐतिहासिक पुलावरून चाललो आहोत, हे बहुतेकांच्या गावीही नसते. त्याचा फोटो कोणी काढीत नाही. जो पूल सर्वांनी पाहिला तो सोळा वर्षांत गेला. ज्याकडे कोणी पाहत नाही तो चार शतके उभा आहे. कोणत्या वास्तूचे आयुष्य किती, हे तिच्या रूपावरून कळत नाही, एवढे ह्यातून घ्यावयाचे.

जुन्या गोव्यातील साक्ष

जुन्या गोव्यास गेलेल्या वाचकांनी संत ऑगस्टीनचा पडका मनोरा पाहिला असेल. त्या चर्चची इमारत १६०२ साली पूर्ण झाली होती. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केल्यावर मठ ओस पडला. १८४२ साली चर्चची कमान खचली आणि १९३१ साली दर्शनी भागाचा व मनोऱ्याचा मोठा हिस्सा कोसळला. सुमारे ४६ मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याचा आज अर्धाच भाग उभा आहे. त्याची मोठी घंटा मात्र सुखरूप राहिली. १८७१ पासून ती पणजीच्या निष्कलंक गर्भधारणेच्या चर्चमध्ये वाजत आहे. १९३१ पूर्वी काढलेल्या फोटोंत जे दिसते, ते आज डोळ्यांनी पाहता येत नाही. पडलेल्या दगडांनी आपली कहाणी सांगितली नाही. ती फोटोंनी सांगितली.

जवळच से कॅथेड्रल आहे. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली पडला आणि पुन्हा बांधला गेला नाही. त्या काळी फोटोची कला जन्मासही आली नव्हती. म्हणून दोन्ही मनोऱ्यांसह ते भव्य मंदिर कसे शोभत असेल, हे पाहण्यासाठी आपणांस चित्रकाराच्या रेखाटनाचाच आधार घ्यावा लागतो.

बॉम जेझू बासिलिकेची गोष्ट तर अधिक बोधप्रद आहे. तांबड्या जांभ्या दगडाचे तिचे उघडे रूप आज सर्वांच्या परिचयाचे आहे. ती मुळापासून अशीच होती, असे पुष्कळांस वाटते. परंतु पूर्वी ह्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञांच्या देखरेखीखाली तो काढून टाकण्यात आला. जुन्या फोटोंत गिलाव्याने झाकलेली बासिलिका स्पष्ट दिसते. जांभा दगड पाणी शोषून घेतो व पावसाने झिजतो. म्हणून पुन्हा गिलावा करावा की नाही, हा वाद अलीकडे सुरू झाला, तेव्हा ह्या जुन्या फोटोंचे मोल लोकांच्या ध्यानात आले. ज्यांनी ते फोटो काढले, त्यांनी सत्तर वर्षांनंतरच्या वादाचा विचार केला असेल काय? त्यांनी केवळ समोर होते ते प्रामाणिकपणे टिपून ठेवले.

इंदूरचा ड्राफ्ट्समन

आमचे पुष्कळ वाचक इंदूर, ग्वाल्हेर व हैदराबाद येथे राहतात. ह्या तिन्ही ठिकाणांशी ज्यांचा संबंध आला, अशा एका थोर छायाचित्रकाराचे नाव त्यांना ठाऊक असावे. ते म्हणजे राजा दीनदयाल. त्यांचा जन्म १८४४ साली सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. हे तेच सरधना, जेथे बेगम समरू ह्या बाप्तिस्मा घेतलेल्या राज्यकर्तीने पवित्र मारियेचे सुंदर चर्च बांधले आणि ज्यास १९६१ साली बासिलिकेचा मान मिळाला. दीनदयाल रुरकीस अभियांत्रिकी शिकले व १८६६ साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले. नकाशे आणि अंदाजपत्रके करता करता त्यांनी कॅमेरा हाती घेतला. इमारतीची उंची, तिचा तोल आणि तिच्यावर पडणारा प्रकाश ह्यांची जाण त्यांना कामातूनच आली असली पाहिजे. मध्य हिंदुस्थानातील किल्ले, मंदिरे व राजवाडे ह्यांचे फोटो काढीत ते हिंडले. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामांनी त्यांना आपल्या दरबारी नेमले. १९०५ साली त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०८ च्या सप्टेंबर महिन्यात, हैदराबादेस मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे प्राणास मुकली, घरे वाहून गेली आणि नदीवरील पुलांची मोडतोड झाली. १५७८ साली बांधलेला पुराना पूल मात्र तो तडाखा सोसून राहिला. त्या पुराचे फोटो आजही पाहावयास मिळतात. ते पाहिले म्हणजे, पुढे उस्मानसागर व हिमायतसागर ही धरणे बांधण्याची निकड का भासली, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही.

ज्याचा फोटो पहिल्यांदा निघाला तो माणूस

नगराच्या फोटोत नगरच असावे, माणूस नसावा, असे काही हौशी लोकांस वाटते. इमारतीपुढून लोक हटेपर्यंत ते ताटकळत उभे राहतात. त्यांना आम्ही एक जुनी हकीकत सांगू इच्छितो.

१८३८ साली पॅरिस येथे दागेर नावाच्या गृहस्थाने आपल्या खिडकीतून एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पत्र्यावर चित्र उमटण्यास कित्येक मिनिटे लागत. त्यामुळे रस्त्यावरून जाणारी माणसे, घोडे व गाड्या ह्यांची खूणही उरली नाही. सारा रस्ता ओसाड दिसतो. फक्त एका कोपऱ्यात एक मनुष्य दिसतो. तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी पाय पुढे करून स्थिर उभा होता, म्हणून तेवढा तो उमटला. आणि त्याच्या पायाशी वाकलेल्या पॉलिशवाल्याचीही अंधूक आकृती दिसते. फोटोत सापडलेली ही पहिली माणसे, असे मानले जाते. त्या दिवशी तेथून किती प्रतिष्ठित लोक घाईघाईने गेले असतील! त्यांचा मागमूसही नाही. दुसऱ्याच्या पायाशी बसून काम करणारा एक अनाम कष्टकरी मात्र आज जगास ठाऊक आहे. ज्याने शिष्यांचे पाय धुतले, त्या प्रभूच्या अनुयायांस ह्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

म्हणून आमचे सांगणे असे, की पुलाचा फोटो काढताना त्यावरून चालणारी माणसे टाळू नका. धक्क्याचा फोटो काढताना जाळे सांधणारा, मासळी उतरविणारी, फेरीबोटीचा दोर ओढणारा ह्यांना चौकटीत येऊ द्या. माणसामुळे खांबाची उंची कळते आणि त्याच्या पोशाखावरून काळही कळतो. मात्र कोणाचा अगदी जवळून फोटो घ्यावयाचा असेल, तर आधी त्यास विचारावे. मासे विकणारी बाई ही आपल्या करमणुकीची वस्तू नव्हे. भिकाऱ्याच्या दैन्याचा फोटो काढून तो चारचौघांत फिरविणे तर ख्रिस्ती माणसास मुळीच शोभत नाही.

थोडी कृतीची माहिती

फोटो बरा यावा म्हणून महागड्या यंत्राची आवश्यकता नाही. उजेड कोठून येतो, एवढे पाहण्याची सवय लावून घ्यावी. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलचे तोंड पूर्वेस आहे आणि रस्त्यापलीकडील बॉम जेझूचे तोंड पश्चिमेस. तेव्हा सकाळच्या मिस्सेनंतर कॅथेड्रलचा फोटो घ्यावा आणि बासिलिकेचा दुपार कलल्यावर. तिरप्या उन्हात जांभ्याचा प्रत्येक चिरा उठून दिसतो. भर दुपारी दोन्ही वास्तू सपाट दिसतात.

पणजीची नदीकाठची घरे उत्तरेकडे तोंड करून आहेत. नाताळच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे त्या दिवसांत बेतीच्या बाजूने पाहिले असता ही घरे छायेत राहतात व त्यांच्या मागचे आकाश मात्र लख्ख असते. अशा वेळी मोबाईलच्या पडद्यावर घरांच्या जागी बोट टेकवावे, म्हणजे काळोखी थोडी कमी होते. चुन्याने रंगविलेल्या पांढऱ्या चर्चच्या बाबतीत ह्याच्या उलट होते. तेथे भिंतीवर बोट टेकवावे, नाही तर ती नुसती पांढरी फटफटीत दिसते.

पुलावर उभे राहून पुलाचा फोटो निघत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पूल काठावरून घ्यावा, होडीतून घ्यावा किंवा फेरीबोटीतून घ्यावा. खांब, कमानी आणि खालचे पाणी ही तिन्ही दिसली पाहिजेत. एखादी होडी खांबाजवळून जात असेल तर थोडे थांबावे. तिच्यामुळे पुलाचा आकार कळतो.

आणि हो, मोठ्या शहरातील प्रसिद्ध पूल म्हणजेच फोटोचा विषय, असे समजू नये. अटल सेतूचे फोटो हजारो लोकांनी काढले आहेत. आपल्या गावच्या ओहोळावरील साकव, जुना तर, बंधारा व त्यावरील क्रूस ह्यांचा फोटो तुमच्यावाचून दुसरे कोण काढणार?

जिवापेक्षा फोटो मोठा नाही

ह्या ठिकाणी आम्हांस थोड्या कठोर शब्दांत बोलणे भाग आहे. २०१७ च्या मे महिन्यात गोव्यात सावर्डे-कुडचडे येथे वापरास बंद असलेला पोर्तुगीजकालीन पादचारी पूल माणसांसह नदीत कोसळला. नदीत चाललेले शोधकार्य पाहण्यासाठी लोकांनी त्यावर गर्दी केली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातेत मोरबीचा झुलता पूल तुटून शंभराहून अधिक माणसे दगावली. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल सहलीस आलेल्या लोकांच्या गर्दीखाली कोसळला. त्यानंतर एक महिनाही झाला नाही, तोच ९ जुलै रोजी वडोदऱ्याजवळ मही नदीवरील गंभीरा पूल वाहनांसह खाली आला.

गंभीरा पुलावरून जाणारे प्रवासी निमूटपणे आपल्या वाटेने जात होते; त्यांचा काहीच अपराध नव्हता. परंतु बंद केलेल्या पुलावर चढणे, कठड्यावर बसणे, लाटा फुटत असलेल्या खडकावर पाठ फिरवून उभे राहणे, हे टाळणे आपल्याच हाती असते. पुलावर गर्दी असेल तर तेथून निघावे. 'प्रवेश बंद' असा फलक असेल तर तेथून परतावे. वाहन पुलावर थांबवून उतरू नये. रेल्वेच्या पुलावर तर पाऊलही ठेवू नये. जेथे लष्कराची हद्द आहे किंवा 'फोटो काढण्यास मनाई' अशी पाटी आहे, तेथे कॅमेरा खिशात ठेवावा. आईबापांनी आपल्या तरुण मुलांस हे प्रवासास निघण्यापूर्वीच सांगावे. कठड्यावर चढल्यावर ओरडून उपयोग नाही. तसेच मिस्सा चालू असता, पवित्र अवशेषांच्या दर्शनाच्या रांगेत असता, डोळे प्रभूकडे असावेत. त्या घटकेचा फोटो अंतःकरणात निघू द्यावा.

नाव, गाव आणि दिवस

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पुष्कळ घरांत आजीच्या पेटीत एखादा लखोटा असतो. त्यात धक्क्यावर उभ्या असलेल्या चार माणसांचा एक पिवळा पडलेला फोटो सापडतो. मागे बोट दिसते, पाणी दिसते. ही माणसे कोण? हा धक्का पणजीचा, की मुरगावचा, की मुंबईच्या भाऊचा? डोक्यास रुमाल बांधलेली ही मुलगी आपली आजी, की तिची धाकटी बहीण? आजी जिवंत असेपर्यंत हे विचारणे कोणास सुचत नाही. तिला मातीआड करून आल्यावर मग सर्वजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. फोटो शाबूत आहे, पण साक्ष मेली.

हे टाळण्यास पैसा लागत नाही. फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, न दाबता, स्थळ, वर्ष आणि डावीकडून उजवीकडे माणसांची नावे लिहावीत. बॉलपेनाने लिहू नये; त्याची शाई पुढच्या बाजूस फुटते व वळ उमटतो. फोटो गोंदाने चिकटवू नयेत. कोऱ्या कागदाच्या लखोट्यात घालून, पावसाळ्यात ओल येणार नाही अशा उंच व कोरड्या जागी ठेवावेत. जुन्या फोटोची नक्कल करावयाची असेल तर तो खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही असा सपाट ठेवावा आणि फ्लॅश न लावता मोबाईल बरोबर वर धरून फोटो घ्यावा. पाठीवर काही लिहिलेले असेल तर त्या बाजूचाही घ्यावा.

मोबाईलमधील फोटोंवर फारसा भरवसा ठेवू नये. मोबाईल पाण्यात पडतो, हरवतो, बिघडतो, आणि त्याबरोबर साऱ्या वर्षांचे फोटो जातात. म्हणून प्रत्येक प्रवासातले पाच-सहा चांगले फोटो निवडावेत, ते कागदावर छापून घ्यावेत, त्यांच्यावर नावे घालावीत व एकेक प्रत दुसऱ्या गावी असलेल्या भावाच्या किंवा बहिणीच्या घरी पाठवावी. एका घराची ठेव दोन घरांत राहिली, म्हणजे एका घरावर आपत्ती आली तरी ती बुडत नाही.

नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. कबरींवर आपण फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, त्यांच्या आत्म्यांस शांती लाभावी म्हणून मिस्सा सांगतो. परंतु त्यासाठी नोव्हेंबरपर्यंत थांबावयास हवे असे नाही. येत्या रविवारी सायंकाळची जपमाळ झाल्यावर घरातील सर्वात वृद्ध माणसास मध्यभागी बसवा, पेटीतील लखोटा त्यांच्या हाती द्या आणि एका शाळकरी मुलाच्या हाती शिसपेन्सिल द्या. आजी नावे सांगतील, नातू लिहील. पडलेल्या पुलांच्या व बुजलेल्या धक्क्यांच्या गोष्टी त्यांच्या तोंडून आपोआप निघतील. आणि ज्यांची नावे लिहिली जातील, त्यांच्यासाठी एक 'नमो मारिया' म्हणावयास मात्र विसरू नका.